आधीच जेवलेला देव

निकालाचा मेल सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. त्याची सुरुवात आभारांनी होती. ज्या निरोपाची सुरुवात आभारांनी होते त्यात पुढं काय असतं, हे मी माझ्या लग्नाच्या वेळी पहिल्या चार स्थळांकडून शिकलो होतो. तरीही खालच्या ओळीवर क्लिक केलं. एकच इंग्रजी शब्द आला, चार अक्षरी. पास आणि नापास या दोन्हींना इंग्रजीत चारच अक्षरं लागतात. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही, एवढीच काय ती सोय.

लांबून बघणारा गुरु होता. सोलापूरबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमची सर्व्हर रूम आहे. तिथं दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, बिरुदेव ज्ञानबा आलदर, नेटवर्क विभागाचा प्रमुख. दुसरीवर गुरु, म्हणजे उरलेला विभाग. गुरु अक्कलकोटकडचा, माझ्याच वयाचा, म्हणजे पंचेचाळिशीतला. रागावला की कन्नडमध्ये रागावतो आणि शांत झाला की मराठीत माफी मागतो.

"आलं काय सर?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

"एसी जास्त लागतोय."

एसी तीन दिवसांपासून बंद होता. मे महिना होता. गुरुनं वर भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहा सांगायला निघून गेला. सज्जन माणूस.

ही परीक्षा काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्या घरात ते दोन वर्षं कोणालाच कळलं नव्हतं. जगातल्या मोठ्या नेटवर्क कंपन्यांपैकी एकीची ही सगळ्यात वरची परीक्षा. पेपर नसतो, प्रात्यक्षिक असतं. बेंगळुरूला जायचं, सकाळी संगणकासमोर बसायचं आणि आठ तासांत एका खोट्या कंपनीची पाच गावांतली ऑफिसं एकमेकांशी बोलती करायची. ती कंपनी खोटी असली तरी तिच्या अडचणी खऱ्या असतात. पहिल्या वेळी बहुतेक लोक नापास होतात असं इंटरनेटवर लिहिलेलं असतं. ते मी निकालाआधी वाचलं होतं तेव्हा ती माहिती होती. निकालानंतर वाचलं तेव्हा तो दिलासा असायला हवा होता. पण बहुतेक लोकांच्या नावानं बकरं कापलेलं नव्हतं.

तर आता बकऱ्याचं सांगतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. वडील, म्हणजे आबा, पंचाहत्तरीचे आहेत आणि अजून वीस-पंचवीस मेंढरं आणि दहा शेळ्या राखून आहेत. दोन वर्षांपूर्वी मी परीक्षेचा अभ्यास सुरू केला तेव्हा आबांनी बिरोबाला बोलून ठेवलं, की पोरगं पास झालं तर बकरं देईन आणि गाव जेवू घालीन. हे मला सांगितलं नाही. देवाशी बोलताना माझी परवानगी घ्यायची पद्धत आमच्यात नाही. करडू जन्मलं त्या दिवशीच त्याच्या कानाला खूण केली. म्हणजे माझा अभ्यास आणि ते बकरं बरोबरीनं वाढत होते. बकऱ्याची प्रगती चांगली होती.

परीक्षेची तारीख मार्चमध्ये होती. गावची यात्रा एप्रिलमध्ये. मार्चमध्ये पास व्हायचं, एप्रिलमध्ये जेवण, असं आबांचं नियोजन. मध्ये मी घोळ घातला. फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की तयारी झालेली नाही, म्हणून मी कोणाला न विचारता तारीख पुढं ढकलली. मेमधली मिळाली. आबांना फोन करून सांगितलं.

"मग बकरं?" आबा म्हणाले.

"कुठलं बकरं?"

तेव्हा मला सगळं कळलं.

"आबा, निकालानंतर देऊ की. घाई काय आहे?"

"जत्रा वर्सातनं एकदाच येती, बिरू. पावण्यास्नी सांगून झालंय. बकरं बी आता थांबंना, दावं तोडाय लागलंय." मग त्यांनीच तोडगा काढला, "देवाला काय, आधी दिलं काय आन मागनं दिलं काय. आधी देऊ. निस्तं 'फिटलं' म्हणायचं तेवढं मागं ठिवू. तू पास झाल्यावर एका आयतवारी देवळात जाऊन म्हणून टाकीन."

आमच्याकडं नवसाचे दोन भाग असतात. एक द्यायचं, आणि दुसरं, चार माणसांसमोर देवाला "फिटलं" असं मोठ्यानं सांगायचं. आबांनी पहिला भाग आगाऊ उरकला.

यात्रेत दीडशे माणूस जेवलं. मटण झणझणीत झालं होतं. धोंडीराम दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्या हातात माइक होता. दाजींच्या हातात माइक आला की परत घ्यायला वायर काढावी लागते. "आमचे मेव्हणे," ते म्हणाले, "जगातली सगळ्यात अवघड परीक्षा पास होत आहेत!" होत आहेत, असं म्हणाले. मग मला फेटा बांधला. मी बांधून घेतला. एक शब्द बोललो नाही. उलट फोटोसाठी हनुवटी जरा वर केली. हा फोटो अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर आहे.

त्या दिवसापासून गावात माझा निकाल लागला. नंतर कोणी विचारलंच नाही. बकरं कापलं, माणसं जेवली, पचलं. आता त्यात विचारायचं काय? मी बेंगळुरूहून परत आलो तरी आबांनी फोनवर पाऊस, मेंढरं, आईचा गुडघा एवढंच विचारलं. ते विचारत नव्हते म्हणून मी सांगत नव्हतो. याला खोटं बोलणं म्हणता येत नाही, असं मी तेरा दिवस स्वतःला समजावत होतो.

नापास का झालो हे तर मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते गुरुला, आणि तेही चौथ्या दिवशी, जेव्हा त्यानं चहाचा कप माझ्यापुढं ठेवून दार आतून लावून घेतलं.

"सर, आता सांगा. एसी चालू झालाय."

मग मी सांगितलं. सकाळचे चार तास चांगले गेले होते. दुपारी जेवणानंतर एका यंत्रानं दगा दिला. सगळं बरोबर लिहिलं होतं तरी पलीकडच्या गावाशी बोलेना. अर्धा तास शोधत होतो. मग मी ते बंद करून चालू केलं.

गुरुनं कप खाली ठेवला. "बंद करून चालू?"

"हो."

"सेव्ह केलं होतं न्हवं आधी?"

इथं वाचकांसाठी सांगायला हवं की या यंत्रांना केलेलं काम जपून ठेवायला एक छोटी आज्ञा द्यावी लागते. दोन सेकंदांचं काम. नाही दिली, तर यंत्र बंद पडताच ते सगळं विसरतं. माझं दोन तासांचं काम ते विसरलं. उरलेल्या वेळात मी निम्मंच परत करू शकलो.

"अय्यो," गुरु म्हणाला. मग खांदे हलायला लागले. मग तोंडावर रुमाल धरला. "सॉरी सर. सॉरी. पण सर, आपण तर अठरा वर्षं सगळ्यांना हेच सांगतो की! प्रिन्सिपल सरांना, होस्टेलच्या पोरांना. इंटरनेट बंद आहे? बंद करून चालू करा. प्रिंटर अडला? बंद करून चालू करा."

"मला माहीत आहे, गुरु."

"पण पोरांना आपण आधी विचारतो की सर, काम सेव्ह केलं का म्हणून."

हेच ते. हे मला बेंगळुरूच्या त्या थंड खोलीतही आठवलं होतं, बटण दाबल्यानंतर साधारण एका सेकंदानं.

घरी रुपालीला कळायला पाच दिवस लागले. ती म्हणते एकच लागला, बाकीचे चार तिनं मला दिले. शुक्रवारी संध्याकाळी मी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. लग्नाला वीस वर्षं झाली, मी पंखा कधी पुसलेला नाही.

"खाली उतरा," ती म्हणाली. "सोमवारीच लागला ना निकाल?"

"हो."

"किती वेळ पुसणार आहात? तीन पाती आहेत."

मी उतरलो. सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बंद करून चालू केल्याचंही सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. बारावीत गेलेली आमची प्रियंका दारात उभी राहून ऐकत होती. दोन वर्षं माझ्या अभ्यासासाठी आमच्या घरात टीव्ही बंद होता. मी पहाटे साडेचारला उठून गच्चीवर बसायचो आणि संध्याकाळी सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं, असा नियम होता. नियम मीच केला होता.

"पप्पा, मग आता टीव्ही लावू का?" तिनं विचारलं. यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. म्हणून जास्त लागलं.

"लाव," मी म्हणालो. तिनं लावला आणि आवाज इतका बारीक ठेवला की आम्हा तिघांनाही ऐकू येत नव्हतं. सवय.

पुढच्या गुरुवारी आबांचा फोन आला.

"बिरू, ह्या आयतवारी ये. फिटलं म्हणून टाकू. जोतिराम तात्या, येडू, समदी असतील देवळात. लई दिस लोंबाकळत ठिवू ने."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडही उघडलं. "येतो," म्हणालो.

रुपाली समोर भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आबा कधी खोटं बोललेत?" तिनं विचारलं.

"कोणाशी?"

"कोणाशीही."

मी आठवून बघितलं. आबांनी एकदा तहसीलदाराला वय चुकीचं सांगितलं होतं, पण ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. गावात दोन भावांचं बांधावरून भांडण झालं, तर आबांना बोलावतात. आबा हुशार आहेत म्हणून नाही. आबा म्हणाले की दगड इथं होता, तर तो इथंच असतो, म्हणून.

"मग देवळात पहिल्यांदा बोलतील," रुपाली म्हणाली. "आणि त्यांना कळणारसुद्धा नाही. तुम्हाला मात्र कळेल." एवढं बोलून ती मेथीच्या काड्या टाकायला आत गेली.

रविवारी पहिल्या एसटीनं निघालो. निकालाला तेरा दिवस झाले होते. माणूस गेला असता तर एवढ्यात गोडाचं जेवणसुद्धा उरकलं असतं. सांगोल्यापर्यंत मी वाक्य तयार करत होतो. "आबा, परीक्षेचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही." हे बरं वाटलं. सांगोल्यानंतर दुसरं सुचलं, "यंदा थोडक्यात हुकलं." तेही बरं होतं. गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत माझ्याकडं पाच वाक्यं होती आणि पाचांमध्ये नापास हा शब्द नव्हता.

आबा अंगणात होते. धुतलेलं धोतर नेसून काष्टा खोचत होते. खाटेवर पिवळा फेटा घडी करून ठेवलेला, शेजारी भंडाऱ्याची पिशवी. आई चुलीपाशी. धोंडीराम दाजी खुर्चीवर बसून मोबाइलवर कोणाला तरी "व्हय व्हय, आज हाय फिटायचं" असं सांगत होते.

पाचही वाक्यं जागच्या जागी मेली.

"आबा, मी नापास झालोय."

आबांचे हात काष्ट्यावरच राहिले. "कशात?"

"परीक्षेत. ज्याचं बकरं दिलं, त्या."

"कवा कळलं?"

"तेरा दिवस झाले."

"तेरा." त्यांनी काष्टा नीट खोचला. मग खाटेच्या कडेला बसले. "गुरुवारी मी फोन केलता."

"हो."

"त्याच्या आदी मंगळवारी केलता. त्याच्या आदी शनवारी."

"हो, आबा."

पुढं त्यांनी मोजलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मेंढरांकडं बघत होते, जणू तिकडं कोणी बोलावलंय.

"नापास झालं तर झालं!" आई चुलीपासून म्हणाली. "हातपाय गळून पडल्यात व्हय? चेहरा बगा पोराचा. आदी भाकरी खा रं तू."

"त्ये न्हाय गं," आबा म्हणाले. "मी आज देवाला काय सांगू?"

इथं धोंडीराम दाजींनी फोन बंद केला. दाजी व्यवहारी माणूस आहे. गावात सिमेंटचं दुकान आहे, दोन निवडणुका लढलेत आणि दोन्ही हरलेत, तरी आजतागायत माजी म्हणून मिरवतात.

"मामा, माझं ऐका," ते सासऱ्याला म्हणाले. "ह्यात अवगड काय हाय? फिटलं म्हणून टाका. बिरूभाऊ पुढच्या टायमाला पास होनारच की. मग फिटलंच म्हणायचं ते. आज म्हटलं काय आन सा म्हयन्यानं म्हटलं काय. बकरं आधी चालतंय, तर शब्द बी आधी चालतोय. आन हितं कुणाला कळतंय?"

खरं सांगतो, मला तो सल्ला पटला. आतून एकदम हलकं वाटलं. तर्कात खोट नव्हती. मी आबांकडं आशेनं बघितलं, आणि बघताना स्वतःचीच किळस आली, पण बघणं थांबवलं नाही.

"देवाला कळतंय का न्हाय, मला म्हाईत न्हाय," आबा म्हणाले. "मला कळलंय की आता." ते उठले, फेटा बांधला. "चल."

"कुठं?"

"देवळात. खाल्लंय त्यास्नी सांगाय पायजे."

"मी सांगू?"

"मग काय मी सांगू? परीक्षा मी दिलीया व्हय?"

बिरोबाचं देऊळ गावाबाहेर माळावर आहे. रविवार असल्यानं लिंबाच्या सावलीत चाळीसेक माणसं होती. आबांना बघून सगळे सरकले. जोतिराम तात्या, आबांच्या बरोबरीचे, त्यांनी कांबळं झटकून जागा केली. "आलं, आलं, सायब आलं," कोणीतरी म्हणालं. आबा बसले नाहीत. मला नुसती मानेनं खूण केली.

मी कॉलेजात दोनशे पोरांसमोर बोलतो. इथं चाळीसच माणसं होती.

"मी परीक्षेत नापास झालो," मी म्हणालो.

कोणाला काही कळलं नाही. मग मी परत म्हणालो. हे वाक्य एकदा म्हणणं अवघड असतं; दुसऱ्यांदा ते आणखी अवघड असतं, कारण पहिल्यांदा कसं ऐकू आलं ते आपल्याला माहीत झालेलं असतं.

"नापास?" जोतिराम तात्या म्हणाले. "आन मग आमी जेवलाव ते?"

"ते आधी झालं."

तात्यांनी विचार केला. "बकऱ्यात खोट न्हवती बरं का. मी नळी खाल्ली हुती. लई गोड."

"म्हंजे बकरं पास झालं!" मागून येडू ओरडला. येडू माझ्या वर्गात होता, सातवीत दोनदा बसला होता, आणि तेव्हा मी त्याला चिडवलं होतं. सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, पण तोंड अर्ध्यावरच थांबलं.

"किती मार्कानं गेलं?" कोणीतरी विचारलं.

"मार्क सांगत नाहीत."

"मार्क सांगत न्हाईत तर नापास कशावनं?"

"तेवढं मात्र सांगतात."

"पर झालं काय?" तात्या म्हणाले. "लाईट गेलीती का?"

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मला दिसत होतं की त्यांना तेच हवं होतं. लाईट गेली या कारणाला आमच्या तालुक्यात कोणी आव्हान देत नाही. लग्नं मोडलीत त्यावर. मी नुसतं "हो" म्हणालो असतो तर सगळ्यांनी वीज मंडळाला शिव्या घातल्या असत्या, आबांची मान वर झाली असती, आणि माझ्या घशाखाली दुपारचं जेवण उतरलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "लाईट होती. मीच बंद केलं."

"काय बंद केलं?"

"ज्या यंत्रावर काम करत होतो ते. अडलं होतं. म्हटलं, बंद करून चालू करून बघू."

"मग?"

"आतलं सगळं गेलं. जपून ठेवलं नव्हतं. परीक्षा आठ तासांची, त्यातलं दोन तासांचं काम होतं."

आता कोणी हसलं नाही. येडूसुद्धा नाही. मी हे सगळं इतक्या लोकांसमोर मराठीत पहिल्यांदाच बोलत होतो, आणि मराठीत त्याला लपायला जागाच नव्हती. इंग्रजीत या चुकीला बरे शब्द आहेत. ते आपोआप झालं होतं असं वाटतं. मराठीत मी बटण दाबलं होतं.

"आठवण न्हाय ऱ्हायली व्हय?" तात्यांनी हळूच विचारलं.

"घाबरलो, तात्या."

तात्यांनी मान डोलावली आणि खाली बघितलं. माणूस पंचेचाळीस वर्षांचा झाल्यावर त्यानं चारचौघांत हा शब्द उच्चारायचा नसतो.

मग आबा पुढं झाले. पिशवीतनं भंडारा घेतला, देवाच्या दारात उभे राहिले. उधळला नाही. मुठीत तसाच धरला.

"देवा," ते मोठ्यानं म्हणाले, "फिटलं न्हाय. आमी घाई केली. पोराचं चुकलं त्ये चुकलं, पर आधी जेवण घालाय मी गेलतो." मग वळून त्यांनी लोकांना हात जोडले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. येडूपुढंही जोडले, ज्याला त्यांनी लहानपणी बोरं चोरताना कान धरून घरी आणलं होतं. "तुमास्नी बी खोट्याचं जेवू घातलं," असं म्हणाले.

माझ्या परीक्षेसाठी आबांनी हात जोडावेत, हे बेंगळुरूच्या त्या आठ तासांपेक्षा जड होतं. इथं उभा राहून बघितलं. मुठीतनं थोडा भंडारा त्यांच्या धोतरावर सांडला होता, आणि पुसायला जावं की नको हे मला ठरवता येईना.

"खोट्याचं कसलं!" येडू म्हणाला. "चांगलं कालवान हुतं की, आबा. बसा तुमी."

त्यावर चर्चा सुरू झाली, आणि चर्चा सुरू झाल्यावर हवा मोकळी झाली. मुद्दा असा, की आता पास झाल्यावर परत बकरं द्यायचं का? काहींचं म्हणणं, पहिलं बकरं वाया गेलं, दुसरं लागणार. काहींचं म्हणणं, देवानं आगाऊ खाल्लंय, आता उरलेलं काम देवाचं. पुजाऱ्यानं सांगितलं की देव आगाऊ घेत नाही. त्यावर तात्यांनी त्याला विचारलं, की मग मुंडी कोणी नेली? हा प्रश्न तिथंच थांबवण्यात आला. शेवटी तात्यांनी निवाडा दिला. दुसरं बकरं नाही. पण निकाल लागला की बिरूनं स्वतः येऊन इथं सांगायचं. फोनवर नाही, दाजींकडून नाही.

"पास झालास तरी ये," तात्या म्हणाले. "नापास झालास तरी ये. परत देनार हायस न्हवं?"

हे मी अजून ठरवलं नव्हतं. रुपालीशी बोललो नव्हतो. घरात टीव्ही नुकताच चालू झाला होता. आबा देवाच्या पायरीवर बसून धोतर झटकत होते, कान इकडं होते.

"देणार," मी म्हणालो. "सप्टेंबरात."

"आठ तास?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या डोक्यात ते मघापासून अडकलं होतं. "मधी लघवीला सोडत्यात का?"

"सोडतात."

"मग जमंल," तो म्हणाला.

दुपारी तीनच्या एसटीनं परत निघालो. आबा मला सोडायला फाट्यापर्यंत कधी येत नाहीत. त्या दिवशी आले. वाटेत मला माफी मागायची होती, पण कशाची मागायची यादीच मोठी होती, आणि रस्ता लहान.

गाडी लागलेली होती. मी खिडकीपाशी बसलो. आबा खाली उभे राहिले. तेवढ्यात शेजारच्या वाडीतले गुंडा मामा पिशवी घेऊन गाडीत चढायला आले. यात्रेत तेही जेवले होते. आबांना बघून थांबले.

"काय ज्ञानबा, लेकाचं फिटलं का?"

मी मान खिडकीच्या आत घेतली. मला आबांना सांगावंसं वाटलं, की गुंडा मामा दुसऱ्या गावचे आहेत, यांना सांगायची गरज नाही, निवाड्यात यांचं नाव नव्हतं.

"न्हाय," आबा म्हणाले. "नापास झालंय." आवाज कमी केला नाही. इंजिन चालू होतं, म्हणून उलट वाढवला.

"नापास?" गुंडा मामा खिडकीपाशी आले आणि मला निरखून बघू लागले. "आरं तिच्या. कितव्यांदा बसलावता?"

आबा माझ्याकडं बघत होते. सकाळपासून पहिल्यांदा.

"पहिल्यांदा, मामा," मीही इंजिनच्या वर आवाज काढून म्हणालो. "नापास झालो. सप्टेंबरात परत आहे."

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. तिच्या शेजारचा माणूसही. कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र हातात धरून बघितलं. मी मान खाली घातली नाही असं म्हणता येणार नाही. घातली. पण जरा उशिरा.